निवडणुकीचं हळदीकुंकू

भांडुप, रविवार, ११ जानेवारी २०२६

सुबोधा,

पत्र आईचं आहे, अक्षर ॲश्लीचं. मजकुराचा राग आला तर माझ्यावर काढ, अक्षर आवडलं तर तिला कळव. विमलाचं नाव निघालं की तू फोन कापतोस. पत्र कापता येत नाही. फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस एकदा वाचतोच. म्हणून हा खटाटोप.

ॲश्ली म्हणजे गोराईच्या रोझारिओंची पोरगी. विमलाच्या वर्गात आहे, टेकडीवरच्या हॉस्टेलात राहते आणि रविवारी आपल्याकडे जेवते. मी तिला तिसऱ्यांचं सुकं घालते, ती मला पत्र लिहून देते. दोघींत कोण फसतंय ते अजून ठरायचं आहे. लिहून झालं की ती मोठ्याने वाचून दाखवते. मला अक्षर ओळखता येत नाही, पण माझं वाक्य मला ओळखता येतं. तिनं मध्येच गोड काही घुसडलं तर लगेच सापडतं.

आता बातमी. खुर्चीत नीट बस.

तुझी बायको निवडणुकीला उभी आहे!

नगरसेवकाची नव्हे रे. टेकडीवरच्या आपल्या बायकांच्या विद्यापीठाची. विद्यार्थिनी परिषदेची सरचिटणीस व्हायचं म्हणते. दोन इमारती, एक हॉस्टेल, एक कॅन्टीन आणि पुरुष म्हणून गेटावरचा अंबादास वॉचमन आणि वाचनालयातला शिपाई, एवढंसं ते विद्यापीठ. पण निवडणूक लागल्यापासून तिथे जे चाललंय ते बघशील तर दिल्ली विसरशील. भिंतीभिंतीवर कागद, जिन्यात घोषणा, कॅन्टीनमध्ये वड्यापेक्षा भाषणं गरम. विमलाचा फोटो जिन्याच्या वळणावर लावलाय. मी खास बघायला गेले. अंबादास म्हणाला, "आज्जी, ओळखपत्र?" मी म्हटलं, "ते काय वर लावलंय, ती माझी सून." सोडलं त्यानं.

तू विचारशील, हे खूळ कशाला? सांगते. तिथलं वाचनालय पाचला बंद होतं. ही सकाळी डबे करून जाते, साडेचारला वर्ग सुटतो, तेवढ्यात पुस्तक शोधेपर्यंत तिथला शिपाई चाव्या वाजवायला लागतो. घरी येऊन वाचायला बसली की कुकर बोलावतो, कुकर गप्प झाला की शेजारीण, शेजारीण गेली की मी. तिच्यासारख्या पुष्कळ आहेत. कुणी अंगणवाडीत आहे, कुणी दवाखान्यात, कुणी दुकानात उभी असते. त्यांनी अर्ज दिला तर ऑफिस म्हणालं, मागणी परिषदेकडून यायला हवी. विमला म्हणाली, मग परिषदेतच जाते.

समोर गार्गी आहे, मुलुंडची. वीस वर्षांची, स्कूटरवर येते आणि उतरायच्या आधी बोलायला लागते. तिला मोठा महोत्सव करायचा आहे, बाहेरच्या कॉलेजांना बोलवायचं आहे. पोरगी वाईट नाही. तीच तर अडचण आहे.

गेल्या जूनमध्ये विमलानं नाव घातलं तेव्हा तू म्हणालास, सिद्धेश इंजिनिअर होतोय आणि त्याची आई बीएच्या पहिल्या वर्षाला, लोक हसतील. लोक हसले. मीसुद्धा हसले. हसून झालं, मग सगळे आपापल्या कामाला लागले. तू तेवढा नागपूरला गेलास. बदली झाली म्हणालास. मागून घेतलीस हे आम्हाला ठाऊक नाही असं समजतोस, तर समज.

एक खरं सांगते. दिवाळीत ती कॉलेज सोडणार होती. पुस्तकं बांधून माळ्यावर टाकायला काढली होती. आता म्हणते, वाचनालयाचं जमलं तर पुढे शिकेन, नाहीतर बास. तेव्हा ही खुर्चीची हौस नाही, झिला. ती शिकणार की घरी बसणार, ते या निवडणुकीत ठरायचं आहे.

संक्रांत जवळ आली. माझ्या डोक्यात एक बेत आहे. विमलाला अजून सांगितलेला नाही, म्हणजे तुलाही सांगता येत नाही.

गरम कपडे घाल. तिकडे थंडी असते म्हणतात.

तुझी आई

•

भांडुप, शनिवार, १७ जानेवारी २०२६

सुबोधा,

काल आपल्या चाळीच्या पटांगणात असं हळदीकुंकू झालं की शेजारच्या पेडणेकरणीचं तोंड अजून मिटलेलं नाही!

सगळं विद्यापीठ बोलावलं होतं. ॲश्लीनं मोबाइलवर पत्रिका केली. खाली निमंत्रक म्हणून दोघींची नावं: सौ. विमला आणि श्रीमती रुक्मिणी. विमला म्हणाली, "आई, एवढ्या मुली? घरचं हळदीकुंकू ना?" मी म्हटलं, "लेकीबाळी आहेत गो, घरापासून लांब राहतात. सणाला कोण विचारतं त्यांना?" तिचे डोळे भरून आले. मला जरा अपराधी वाटलं. जराच.

वाण काय दिलं माहीत आहे? चहाची गाळणी. हॉस्टेलात पोरी चोरून किटलीत चहा करतात आणि ओढणीतून गाळतात, हे ॲश्लीनेच सांगितलं होतं. गाळणी हातात पडली तशी त्यांनी अशी आरोळी ठोकली की वरच्या मजल्यावरचा पोपट पिंजऱ्यात गोल फिरला. लातूरची एक पोरगी तर गाळणी छातीशी धरून नाचली.

पोरी झकास नटल्या होत्या. कुणी मैत्रिणीची काळी साडी, कुणी जीन्सवरच हलव्याचा हार. उखाणे घ्यायची वेळ आली तर लग्न कुणाचंच झालेलं नाही. मग एकीनं अर्थशास्त्राच्या पुस्तकाला घेतला, एकीनं हॉस्टेलच्या पातळ आमटीला. गार्गीसुद्धा आली होती, हो. आली, वाकून नमस्कार केला, गाळणी घेतली आणि म्हणाली, "आज्जी, तुमच्या सुनेला मी पाडणार आहे, पण तिळगूळ भारी झालाय." मी म्हटलं, "पाड. आधी आणखी एक खा, अंगात जोर येईल."

स्वरदा मॅडमही आल्या. निवडणुकीचं काम त्यांच्याकडे आहे, राहतात तिथेच वरच्या क्वार्टर्समध्ये. सासूबाईंना घेऊन आल्या. दोघींनी दोन गाळण्या नेल्या.

हळदीकुंकू विमलानं लावलं. मी माझ्या जागी होते, दाराच्या आत, तिळगुळाच्या परातीपाशी. तिथून सगळं दिसतं. ॲश्ली म्हणाली, "आज्जी, बाहेर येऊन बसा ना." मी म्हटलं, "परात कोण सांभाळणार?" परातीला काय पाय फुटणार होते? पण पोरगी आपल्यातली नाही, तिला कशाला जास्त समजवायचं. तिनं स्वतः कपाळाऐवजी हातावर कुंकू लावून घेतलं आणि जाताना हात न धुता गेली.

शेवटी सगळ्या मुलींनी विमलाला घेरलं. "काकू, नाव घ्या! काकू, नाव घ्या!" तुझं नाव घ्यायला सांगत होत्या. आलेल्या विद्यार्थिनींत लग्न झालेली ती एकटीच ना. घेतलं की नाही, ते तिला विचार. तिचा नंबर तुझ्याकडे आहे.

तिळगुळाच्या पुड्यांवर ॲश्लीनं एकेक शोभेची चिठ्ठी चिकटवली होती. त्याबद्दल फार विचारू नकोस.

सिद्धेशचा फोन आला होता. आईसाठी पोस्टर करून पाठवतो म्हणाला. मुलगा तुझाच, तरी शहाणा निघाला.

थकलेली पण खूष,
तुझी आई

•

भांडुप, बुधवार, २१ जानेवारी २०२६

सुबोधा,

मागच्या पत्रात एक गोष्ट राहिली होती. राहिली म्हणजे, मी ठेवली होती. ती चिठ्ठी.

चिठ्ठीवर होतं: "तिळगूळ घ्या, विमलाकाकूला मत द्या."

आता तुला कळलं असेल काय झालं असेल. मला मात्र कळलं नव्हतं. मला वाटलं, यमक जुळलंय, पोरी हसतील. हसल्याच. गार्गी हसली नाही. तिनं दुसऱ्या दिवशी पुडी आणि गाळणी, दोन्हीचा फोटो काढून तक्रार टाकली: उमेदवारानं मतदारांना वस्तू वाटल्या. नियम आहे म्हणे तसा. आपण पिढ्यान्‌पिढ्या जे वाण म्हणून देतो, त्याला टेकडीवर लाच म्हणतात!

विमलाला पुडीवरच्या चिठ्ठीची कल्पनाच नव्हती. ती कपाळं बघत होती, पुड्या मी देत होते. तक्रारीचा कागद घेऊन ती घरी आली तेव्हा तिचा चेहरा असा होता की मी आपणहून गॅस बंद केला.

काल सुनावणी झाली. वाट लागली म्हणतात ना, तसं सगळं वातावरण. मोठ्या टेबलामागे स्वरदा मॅडम आणि आणखी दोन मॅडम. समोर विमला, ॲश्ली आणि मी. एका बाजूला गार्गी, तक्रारवाली म्हणून. दाराबाहेर अख्खं हॉस्टेल कान लावून.

मॅडमनी विचारलं, "आजी, ही चिठ्ठी तुमची?"

मी म्हटलं, "मला कुठे लिहिता येतं? वाचताही येत नाही. मला ते नक्षी वाटलं."

जन्मभर अक्षर आलं नाही, पहिल्यांदाच त्याचा उपयोग झाला, असं मला वाटलं. तर मॅडम ॲश्लीकडे वळल्या. "मग ही तू लिहिलीस? प्रचाराचा गैरप्रकार विद्यार्थिनीनं केला तर हॉस्टेलची जागा जाते, माहीत आहे ना?"

पोरगी उभीच. हो नाही, नाही नाही. गोराईहून रोज यायचं तर बोट, बस, आणि मग गाडी, तिचा अर्धा दिवस त्यातच जाईल. तरी तोंड उघडलं नाही तिनं. आता हे लिहितानाही थांबली आहे बघ. लिही गो, मुकाट्याने लिही.

मी उठले. म्हटलं, "थांबा, मॅडम. अक्षर तिचं, तोंड माझं. मी सांगितलं, तिनं लिहिलं. ती माझी पत्रंसुद्धा लिहिते, म्हणून काय ती सुबोधची आई झाली?"

उठल्यावर बोलायची सवय देवळातलीच, त्यामुळे तोंडातून पुढे गाऱ्हाणंच निघालं. "बारा गावच्या देवा म्हाराजा, ह्या लेकरांकडून काय चुकला माकला असात, तर ता ह्या म्हातारेच्या पदरात घाल..."

आणि दाराबाहेरून सगळ्या पोरी एका सुरात: "व्हय म्हाराजा!"

मालवणच्या किती असतील देव जाणे, लातूरधुळ्याच्या पोरीही ओरडल्या. एका मॅडमनी तोंडावर फाईल धरली. स्वरदा मॅडम मात्र हसल्या नाहीत. मी विचारलं, "तुमची गाळणी चालते ना बरी?" त्या लाल झाल्या. तो प्रश्न मी विचारायला नको होता, पण मग विचारून मजा आली.

निकाल असा: शनिवारपर्यंत सगळ्या गाळण्या ऑफिसात परत आल्या पाहिजेत. नाहीतर विमलाचा अर्ज बाद. ॲश्लीला समज देऊन सोडलं.

मी तिथेच सांगितलं, वाण परत घेत नाहीत. दिलेलं वाण परत आलं तर देणारीचं सौभाग्य परत जातं. माझं तर तुझ्या बाबांबरोबरच गेलं, माझा काय प्रश्न? पण पत्रिकेवर नाव विमलाचंही. म्हणजे तिचं सौभाग्य कोण, तर तू. नागपूरला बसून रुसलेला तू! तुझ्या डोक्यावर काही येऊ नये म्हणून मी तिच्या कामात आडवी आले. बघ आता.

घरी आल्यावर विमला बोलली. मोठ्याने नाही. मोठ्याने बोलली असती तर बरं झालं असतं. "आई, हे तुम्ही माझ्यासाठी केलंत की तुमच्या हौसेसाठी?"

मी म्हटलं, "हौसेसाठी."

खोटं बोलता आलं असतं. पण तिचा तो चेहरा समोर होता.

कालपासून ती माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, पाणी ठेवते, जाते. पुस्तकं पुन्हा बांधलेली दिसतायत, दोरी अजून आवळलेली नाही. माझ्याशी न बोलणारी आता दोन माणसं झाली: एक नागपूरला, एक ओट्यापाशी.

काय करू ते कळत नाही. तुला विचारत नाही, सांगते आहे.

आई

•

भांडुप, रविवार, २५ जानेवारी २०२६, रथसप्तमी

सुबोधा,

ॲश्लीला आज जेवणाआधी लिहायला बसवलंय, इतकी घाई आहे मला!

गुरुवारी दुपारी दारात स्कूटर थांबली. गार्गी. विमला कॉलेजात, मी एकटीच. आत आली, पाणी प्यायली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "आज्जी, तक्रार मी केली होती."

"माहीत आहे. बस."

"नियम तो नियम होता."

"बरोबर केलंस. बस म्हटलं ना?"

मग बसली आणि कपाळाला हात लावला. "आज्जी, गाळणी परत द्यायला निघाले तर आईनं दारात अडवलं. म्हणाली, वाण परत करून आलीस तर तिकडेच राहा."

मी हसू दाबलं. तिला म्हटलं, "मग आता?"

"मग काय? हॉस्टेलात सगळ्यांचं तेच झालंय यार! मुली घरी फोन करतायत आणि घरून ओरडा खातायत. लातूरहून ओरडा, धुळ्याहून ओरडा, चिपळूणहून तर आजीनं फोन घेऊन ओरडा. ऑफिसात मॅडमनी टोपली ठेवलीय, तीत फक्त एक गाळणी आहे."

"कुणाची?"

"ॲश्लीची. तिला वाटलं नियम म्हणजे नियम."

ॲश्ली आता मान खाली घालून लिहिते आहे. बरं झालं सांगितलं. आणि स्वरदा मॅडमची? त्यांच्या सासूबाईंनी ती फडताळात ठेवून कुलूप लावलंय म्हणे, चावी कमरेला.

गार्गी म्हणाली, "मला काकूंना हरवायचंय, आज्जी. पण मतमोजणीत. टोपलीत नाही." मग म्हणाली, "आमच्याकडे आई कुणाकडे हळदीकुंकवाला जाऊन आली की रथसप्तमीच्या आत त्यांना आपल्याकडे बोलावतेच. मग आम्हीही तुम्हाला बोलावलं तर? तुमचं वाण आमच्याकडे, आमचं वाण तुमच्याकडे. कुणी कुणाचं देणं लागत नाही. मी मॅडमशी बोलते."

पोरीचं डोकं बघ! हिला पाडायचं म्हणजे विमलाला झोप लागणार नाही.

मॅडम तीन वेळा नाही म्हणाल्या आणि चौथ्यांदा कागद घेतला. घरून चावीवाल्या सासूबाईंचाही रेटा असावा. कागदावर लिहिलं: देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली तर तिला एकतर्फी भेट म्हणणार नाही. पण अट: दोन्ही निमंत्रकांनी हळदीकुंकू आणि वाण, दोन्ही स्वीकारलं पाहिजे, सगळ्यांसमोर, शनिवारी संध्याकाळच्या आत.

दोन्ही निमंत्रकांनी. वाचून दाखवलं तेव्हा माझ्या लक्षात आलंच नाही.

काल हॉस्टेलच्या मेसमध्ये समारंभ होता. काय सांगू तुला! जेवणाची टेबलं भिंतीला लावलेली, मधोमध रांगोळी, पंख्यांना पतंग टांगलेले. गेटावर अंबादासनं नवा शर्ट घातला होता आणि "फक्त महिला" म्हणून स्वतःच बाहेर उभा राहिला होता. विमला माझ्याबरोबर चालत आली, न बोलता. तिला पुढच्या खुर्चीत बसवलं. मी सवयीनं मागे गेले, पाण्याच्या कूलरपाशी.

विमलाला हळदकुंकू लावलं, ओटीत वाण पडायला लागलं. आणि वाण काय? पोरींकडे असतं तेच. रिफिली, केसांचे चाप, शाम्पूच्या पुड्या, एकीचा अर्धा वापरलेला हायलायटर. विमला हळूहळू हसायला लागली.

मग गार्गी करंडा घेऊन वळली आणि सरळ कूलरपाशी आली.

"आज्जी, पुढे या."

"मला वाण दे गो नुसतं. कुंकू नको. मला चालत नाही."

काही पोरींना समजलं, काहींना शेजारणीनं कानात सांगितलं. तुझे बाबा गेले त्या दिवसापासून माझ्या कपाळाला कुणी हात लावला नव्हता. मी स्वतःही नाही. आरशात बघून वेणी घालते, पण भुवयांच्या वर बघत नाही. इतकी सवय.

स्वरदा मॅडम कागद हातात घेऊन उभ्या. हळू आवाजात म्हणाल्या, "आजी, कागदात हळदीकुंकू असंच आहे. मला तेव्हा सुचलं नाही. मी शब्द बदलू शकते, पण मग समितीला पुन्हा बोलवावं लागेल. आज होणार नाही."

म्हणजे अर्ज बाद. माझ्या एका नाहीवर.

मला काय वाटत होतं सांगू? देवाची भीती नाही वाटली. पेडणेकरीण दिसली डोळ्यांसमोर. चाळीचा जिना दिसला. गावच्या बायका दिसल्या, त्यातल्या निम्म्या तर वर गेल्यात, त्या तिथूनही बघतात. गार्गी करंडा धरून उभी. तिचं बोट कुंकवानं लाल झालेलं, हवेत थांबलेलं.

तेवढ्यात विमला उठली. ओटीतल्या रिफिली सांभाळत, पदर खोचत माझ्यापर्यंत आली. चार दिवसांत पहिल्यांदा बोलली.

"आई, माझा अर्ज तुमच्या कपाळावर अडलाय."

बोलताना हसत होती की रडत, मला कळलं नाही. तिलाही कळलं नसेल. मी म्हटलं, "मेल्यांनो, मग लावा पटकन. एवढा वेळ मान पुढे धरून दुखते माझी."

गार्गीनं लावलं. कुंकू थंड असतं, हे मी विसरले होते.

मग जो दंगा झाला! सगळ्या पोरींनी रांग लावली. प्रत्येकीला माझ्या कपाळाला लावायचं होतं. कागदावर अट आहे म्हणे. लातूरची, धुळ्याची, चिपळूणची. कपाळ भरलं, भांगात गेलं, नाकावर पडलं. मी काळी का गोरी ते ओळखू येईना. शेवटी ॲश्ली आली. म्हणाली, "मी लावू?" मी म्हटलं, "विचारतेस काय? हॉस्टेलची जागा वाचवली तुझी." तिनं लावलं आणि मला मिठी मारली, त्यात तिच्या पांढऱ्या फ्रॉकची वाट लागली.

माझ्या ओटीत पडल्या त्या सगळ्या रिफिली आणि पेनं. मला! मी मोजलीसुद्धा नाहीत. विमलाला वर्षभर पुरतील.

मॅडमनी तिथेच सही केली. अर्ज कायम.

घरी येताना मी तोंड धुतलं नाही. आपल्या जिन्यात पेडणेकरीण उभी होतीच. बघितलं, पुन्हा बघितलं. "रुक्मिणीकाकी, हे काय?"

मी म्हटलं, "निवडणुकीच्या कामाचं आहे."

विमला जिन्यातच बसली हसत. तिला मलाच उठवावं लागलं.

बुधवारी मतदान. वेळ मिळाला तर देवाला हात जोड, नाही मिळाला तरी जोड.

आई

•

भांडुप, गुरुवार, २९ जानेवारी २०२६

सुबोधा,

आली! आली रे तुझी बायको निवडून!

थोडक्यात आली. मोजणी दोनदा झाली, दुसऱ्यांदा गार्गीनंच मागितली. ती हरल्यावर सगळ्यांत आधी तिनंच विमलाला उचललं, आणि विमला काही हलकी नाही. खाली ठेवताना म्हणाली, "काकू, महोत्सव केला नाहीत तर रोज तुमच्या दारात उपोषण." विमला म्हणाली, "आज्जीच्या हातचं जेवायला मिळतं तिथे कसलं उपोषण करशील?" दोघींनी मिळून अंबादासला पेढे दिले. तो रडला. का, ते त्यालाही सांगता आलं नाही.

विमला घरी आली ती आधी माळ्याखाली गेली. पुस्तकांची दोरी सोडली, गुंडाळी करून माझ्या हातात दिली. "तुमच्या कपड्यांना घ्या." मला तेवढं पुष्कळ झालं.

आज सकाळी ऑफिसात पहिला कागद तिनं वाचनालयाचाच ठेवला, आणि तो मंजूरही झाला. सोमवारपासून दार आठपर्यंत उघडं. शिपायाला दुसरी पाळी मिळाली, तोही खूष आहे; घरी त्याची बायको आणि आई भांडत असतात म्हणे.

आता स्वयंपाक संध्याकाळी मी करते. हात अजून चालतो. मीठ कमीजास्त झालं तर विमला पुस्तकातून डोकं वर न काढता जेवते, म्हणजे चुगली होत नाही.

दुसरी गोष्ट. सांगू की नको असं करत होते, ॲश्ली म्हणाली सांगाच.

शनिवारचं कुंकू रविवारी आंघोळीत गेलं. मी म्हटलं, काम झालं, संपलं. सोमवारी न्हाऊन बाहेर आले तर आरशापाशी करंडा उघडा ठेवलेला. विमला चप्पल घालत होती. माझ्याकडे बघितलं नाही, कॉलेजात झेंडावंदनाला निघून गेली. मी करंडा हातात घेतला. आणि लावलं. वाकडं लागलं, पुसलं, पुन्हा लावलं. त्यानंतर रोज लावते आहे. पेडणेकरणीनं विचारलं, "निवडणूक झाली ना?" मी म्हटलं, "पुढची येईलच."

तुझ्या बाबांना आवडलं असतं का, ठाऊक नाही. त्यांना मी मनातही विचारलं नाही. प्रत्येक गोष्ट त्यांना विचारून केली, न विचारता केलेली हीच काय ती पहिली. तुलाही विचारत नाही. घरी येशील तेव्हा आईचं कपाळ बघून दारात दचकू नकोस, एवढ्यासाठी कळवलं.

आणि येशील तर संध्याकाळी आठनंतर ये. त्याआधी तुझी बायको घरी नसते.

आई